रोजच्या गरजेतून धंदा कसा शोधावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

धंदा करायचा आहे, थोडे पैसे जमले आहेत, कष्टाची तयारी आहे, पण काय करावं ते सुचत नाही, असं सांगणारे बरेच जण भेटतात. बहुतेकांचा शोध एकाच दिशेने चाललेला असतो. आपल्या गावात कुणीच करत नाही असं काहीतरी त्यांना हवं असतं. मी त्यांना उलट दिशेने पाठवतो. लोक ज्या कामासाठी आजच पैसे देत आहेत आणि पैसे देतानाही कुरकुर करत आहेत, ते काम शोधा. जेवण, कपडे, स्वच्छता, आजारपण, म्हातारपण, मुलांचं शिक्षण, घरातली मोडतोड, सणवार, लग्न आणि मृत्यू यांच्यावरचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. नव्या माणसाला आपली जागा इथेच लवकर सापडते, मात्र नीट शोधावी लागते. ते कसं करायचं, हे खाली क्रमाने लिहिलं आहे.

१. गरज आणि वस्तू वेगळ्या ओळखा

सुरुवात इथून करा, कारण बहुतेक घोटाळा इथेच होतो. एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड १९९० च्या दशकात चौकाचौकात होते. लांबच्या माणसाशी बोलण्याची गरज आजही तेवढीच आहे, बूथ मात्र गेले. व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी दुकानं गेली, सिनेमा पाहणं थांबलं नाही. गरज टिकाऊ होती, ती भागवण्याचं साधन तात्पुरतं होतं.

आता पिठाची गिरणी पाहा. घरातलं जातं गेलं आणि गिरणी आली. नंतर पाकीटबंद आटा आला, घरघंटी आली. तरीही भरवस्तीतल्या अनेक गिरण्या चालू आहेत. तिथे कोण काय घेऊन येतं, ते थोडा वेळ उभं राहून बघा. थालीपिठाची भाजणी, दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी, उपवासाचं पीठ, नाचणी, ज्वारी, बाळाचं सत्त्व, मधुमेह झालेल्या माणसासाठी मिश्र धान्य. साध्या गव्हाचा काही भाग पाकिटाने नेला, पण ज्या दळणात घरातल्या माणसाची आवड, पथ्य किंवा परंपरा आहे, ते गिरणीकडे राहिलं. काही गिरणीवाल्यांनी हे ओळखलं आणि ते स्वतःच भाजणी तयार करून विकू लागले. घरातल्या बाईला धान्य भाजायला वेळ नाही, पण चव घरचीच हवी आहे. हा बदल ज्याला दिसला, त्याच्या धंद्याला नवीन पाय फुटले.

तुमच्या डोक्यात जी कल्पना असेल, तिच्याबद्दल एक वाक्य लिहून बघा: ‘लोकांना ___ हवं असतं, आणि आज ते त्यासाठी ___ वापरतात.’ पहिल्या रिकाम्या जागेत गरज येते, दुसऱ्या जागेत वस्तू. पहिल्या जागी काही लिहिताच येत नसेल, तर ती कल्पना बाजूला ठेवा.

२. घरखर्चाची वही उघडा

आपलं घर आणि ओळखीतली आणखी चार-पाच घरं घ्या. त्यात एखादं निवृत्त जोडपं असू द्या, लहान मुलं असलेलं एखादं घर, आणि बाहेरगावहून शिकायला किंवा नोकरीला आलेली मुलं. महिन्याचा खर्च कशावर होतो ते त्यांना विचारा आणि लिहा. मग प्रत्येक खर्चापुढे एक प्रश्न ठेवा: हातात पैसे कमी असतील त्या महिन्यात हा खर्च थांबतो का?

दूध, धान्य, औषधं, शाळेची फी, गॅस थांबत नाही. हॉटेलातलं जेवण थांबतं. साडी पुढे ढकलली जाते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही परीक्षा सगळ्यांनीच दिली, ते दिवस आठवून बघा. कुकरची रिंग तुटली तेव्हा काय केलं? मिक्सर बंद पडला तेव्हा? केस कापायला कुणाला शोधलं? लांब राहणाऱ्या आई-वडिलांची औषधं कुणी पोचवली? त्या काळात ज्या कामांसाठी आपण कासावीस झालो होतो, त्यांची यादी म्हणजे टिकाऊ गरजांची यादी.

यात एक फरक लक्षात ठेवा. लग्नं त्या वेळी थांबली होती, नंतर ती झालीच. काही मागणी फक्त पुढे ढकलली जाते. अशा धंद्यात पडायचं असेल तर रिकामे महिने काढता येतील एवढी पुंजी गाठीशी हवी.

३. गिऱ्हाईक किती दिवसांनी परत येईल?

काही गरजा रोजच्या असतात, काही महिन्याच्या, काही वर्षातून एकदा येणाऱ्या, तर काही आयुष्यात एकदाच. पेणच्या गणपतीच्या मूर्ती घ्या. गणेशोत्सव दरवर्षी येणार आणि मूर्ती लागणार, यात शंका नाही. पण तिथल्या कारखान्यांत काम जवळजवळ वर्षभर चालतं आणि मोठी विक्री भाद्रपदाच्या आधीच्या थोड्या दिवसांत होते. माती, रंग, मजुरी आणि जागेचं भाडं यात पैसा आधी अडकतो. मागणी पक्की असूनही नव्या, कमी भांडवलाच्या माणसाला हे झेपायला अवघड आहे.

म्हणून पहिलाच धंदा असेल तर रोजच्या किंवा आठवड्याच्या गरजेपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. पैसा लवकर फिरतो हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण असं की गिऱ्हाईक परत आलं की नाही, हे आठवड्याभरात कळतं. वर्षातून एकदा येणारं गिऱ्हाईक नाराज झालं तर ते कळायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं.

४. एकाच वस्तीत वेगवेगळ्या वेळी फिरा

टिकाऊ मागणी आहे म्हटल्यावर तिथे आधीपासून माणसं बसलेली असणारच. मग आपल्याला जागा कुठे? ती बहुधा वेळेत, अंतरात किंवा एखाद्या दुर्लक्षित गटात सापडते, आणि त्यासाठी पायी फिरावं लागतं.

पुण्याच्या सदाशिव पेठ, नारायण पेठ भागाचं उदाहरण सांगतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी राज्यभरातली मुलं-मुली इथे कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं देऊन राहतात, अभ्यासिकेत बसतात, मेसला जेवतात. सरसकट पाहिलं तर इथे सगळं आहे: मेस आहेत, चहाचे ठेले आहेत, झेरॉक्सची दुकानं आहेत, जुन्या पुस्तकांची विक्री आहे. नवी मेस काढायला गेलात तर वीस मेससारखी एकविसावी होईल. पण वेळ बदलून फिरा. रविवारी संध्याकाळी अनेक मेसना सुट्टी असते. ती मुलं त्या रात्री काय खातात? अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी असतात. रात्री अकराला भूक लागली तर वडापाव आणि चहा सोडून काय मिळतं? एखाद्या मुलाला ताप आला तर मऊ भात, पेज कोण देतं? कपडे धुण्याचं काय? परीक्षा संपली, गावी निघाले, तर गादी, टेबल आणि पुस्तकांचे गठ्ठे कुठे ठेवतात? यातला प्रत्येक प्रश्न हा एका छोट्या धंद्याचा दरवाजा आहे. आणि हे सगळं जेवण, झोप, स्वच्छता या जुन्याच गरजांमध्ये बसतं.

तुमच्या गावात पेठ नसेल, पण एमआयडीसी असेल, तालुक्याचं हॉस्पिटल असेल, एसटी स्टँड असेल, कृषी उत्पन्न बाजार समिती असेल. तिथे सकाळी सहाला जा, दुपारी जा, रात्री नऊला जा. सरकारी रुग्णालयाबाहेर पेशंटचे नातेवाईक कुठे जेवतात, कुठे आंघोळ करतात, रात्री कुठे झोपतात, ते पाहा. रांग कुठे लागते आणि कोण हात हलवत परत जातं, त्याची नोंद वहीत करा.

५. लोकांना मागचं विचारा, पुढचं विचारू नका

‘मी घरगुती डबा सुरू केला तर घ्याल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे कुणीही नाही म्हणत नाही. ओळखीचा माणूस तोंडावर नकार देत नाही. अशा दहा होकारांवर गाळा भाड्याने घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे प्रश्न घडलेल्या गोष्टींबद्दल विचारा:

मागच्या आठवड्यात किती वेळा बाहेरून जेवण आणलं? कुठून? किती पैसे गेले? आधीचा डबा बंद का केला? मिक्सर बिघडला तेव्हा दुरुस्तीला कुठे नेला, किती दिवस लागले? त्या दिवसांत काय केलं?

उत्तर देताना माणूस चिडला, हातवारे करून सांगू लागला, तर तिथे खरं दुखणं आहे. ‘चाललंय, ठीक आहे’ असं म्हणाला तर गरज आहे, पण आधीची सोय पुरेशी आहे. दोन्ही उत्तरं उपयोगाची आहेत. गरज खरी असली तरी लोक लगेच पैसे काढतील असं धरून चालू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा शेतकऱ्याला चांगल्या नांगराची गरज होतीच. पण लोखंडाने जमीन बिघडते असा समज होता, आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं गेली असं सांगतात. त्यांच्यापाशी तेवढा धीर होता. तुमच्यापाशी सहा महिन्यांचीच शिल्लक असेल, तर लोकांची सवय बदलावी लागेल अशी वस्तू घेऊ नका. लोक जे आधीपासून वापरतात, तेच चांगल्या रीतीने द्या.

सात बायकांनी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे लिज्जत पापड उभा राहिला. पापड काय असतो, हे त्यांना कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही. तो घरोघरी उन्हाळ्यात होतच होता. मुंबईच्या घरात लाटायला माणसं आणि वाळवायला जागा कमी पडत होती, तेवढं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

६. शेवटी हे वापरणार कोण, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

‘मशीन आमच्याकडून घ्या, तयार माल आम्हीच विकत घेऊ’ अशा जाहिराती अगरबत्ती, कापसाच्या वाती, कागदी द्रोण, पेन्सिल अशा अनेक नावांनी फिरत असतात. मशीनचे पैसे घेतले जातात, पहिला माल कधीकधी उचललाही जातो, मग माल ‘दर्जात बसत नाही’. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबडीपालनाचं प्रकरण गाजलं. शेतकऱ्यांनी पिल्लांसाठी पैसे भरले होते आणि अंडी व कोंबड्या चढ्या दराने परत विकत घेण्याचं आश्वासन त्यांना मिळालं होतं, ते पाळलं गेलं नाही. त्याआधी इमू या मोठ्या पक्ष्याच्या पालनाचीही तीच गत झाली. कडकनाथ खाणारी माणसं आहेत, पण एवढ्या संख्येने आणि त्या दराने रोज घेणारी नव्हती. खरेदीदार म्हणून दिसत होती ती फक्त योजना.

कोणताही व्यवहार करण्याआधी त्या वस्तूचा शेवटचा वापरणारा माणूस प्रत्यक्ष शोधा. तो आज ती वस्तू कुठून घेतो आणि काय भावाने, ते त्याच्या तोंडून ऐका. असा माणूस तुम्हाला सापडत नसेल, तर एक रुपयाही गुंतवू नका. कष्टाचे पैसे, सोनं गहाण ठेवून आणलेले पैसे असे बुडताना पाहणं फार वाईट असतं.

७. कागदावर हिशोब मांडा

उदाहरण म्हणून पोळी-भाजी केंद्र घेऊ आणि फक्त पोळ्यांचा हिशोब करू. इथले दर मी समजुतीसाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

एक किलो पिठाच्या मध्यम आकाराच्या साधारण ३५ ते ४० पोळ्या होतात. रोज २०० पोळ्या करायच्या तर साडेपाच किलो पीठ लागेल, दळणासकट २५० रुपये धरू. तेल ४५, गॅस ८०, पिशव्या आणि कागद ८०. लाटणाऱ्या ताईंना पोळीमागे २ रुपये, म्हणजे ४००. एकूण ८५५ रुपये. एक पोळी सव्वाचार रुपयांच्या आसपास पडली. ८ रुपयांना विकली तर १,६०० रुपये येतात आणि दिवसाला ७४५ उरतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर १९,३७०.

इथे थांबून आनंद मानू नका. गाळ्याचं भाडं ८,००० आणि वीज व किरकोळ खर्च २,००० वजा केले की ९,३७० राहिले. रोज दहा पोळ्या उरल्या किंवा फुकट गेल्या तर महिन्याला आणखी २,०८० गेले. हातात सव्वासात हजार, आणि तुमची स्वतःची मजुरी त्यातच आली. म्हणजे २०० पोळ्यांवर गाळा घेणं परवडत नाही. याच हिशोबातून दुसरी गोष्ट कळते: पोळीमागे पावणेचार रुपये सुटतात, आणि भाडं व विजेसाठी दिवसाला ३८५ रुपये लागतात. त्यामुळे दिवसाच्या पहिल्या शंभराहून थोड्या अधिक पोळ्या केवळ जागेचा खर्च भागवण्यासाठी लाटाव्या लागतात.

हेच काम घरच्या स्वयंपाकघरातून सुरू केलं, तर चित्र वेगळं दिसतं. रोज ४०० पोळ्यांची मागणी पक्की झाल्यावर गाळा घेतला, तरीही चित्र वेगळं दिसतं. टिकाऊ मागणीच्या बाजारात नफा पोळीमागे पैशांमध्ये मोजावा लागतो, म्हणून नासधूस, उधारी आणि भाडं या तीन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. धंद्यासाठी घरगुती वापराचा १४.२ किलोचा सिलेंडर वापरायला परवानगी नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. गॅसचा खर्च त्याच दराने धरा.

८. ज्या गरजा वाढताना दिसतात

दोनच सांगतो, कारण त्यांच्याबद्दल मला खात्री वाटते.

पहिली, म्हाताऱ्या माणसांची सोबत आणि धावपळ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या लोकांचं प्रमाण १० टक्क्यांच्या जवळ होतं आणि ते वाढत आहे. मुलं बंगळुरूला, दुबईला, अमेरिकेत, आणि आई-वडील सांगलीत, नाशकात, डोंबिवलीत. त्यांना दर वेळी नर्स लागते असं नाही. डोळ्यांच्या तपासणीला बरोबर कुणीतरी हवं असतं, बँकेत हवं असतं, नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला हवं असतं, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून हवा असतो. इथे विकली जाते ती विश्वासार्हता. स्वतःची आणि कामाला ठेवलेल्या माणसांची पोलीस पडताळणी करून घ्या, फेरीनंतर मुलांना फोटो आणि पावत्या पाठवा, आणि पैशांच्या व्यवहाराला एकट्याने हात लावू नका. सुरुवात हळू होते, पण एका घराने दुसऱ्या घराला नाव सांगितलं की काम थांबत नाही.

दुसरी, दुरुस्ती आणि बेतानुसार करून देणं. ऑनलाइन कपडे घेणं वाढलं, तसे लांब बाह्या, ढिली कंबर, मोठी उंची यांचे प्रश्नही वाढले. फॉल-पिको करणाऱ्या ताई अल्टरचं काम नीट, दोन दिवसांत आणि घरून नेऊन-आणून देऊ लागल्या तर त्यांना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. मिक्सर, शेगडी, कुकर, पाण्याचा फिल्टर यांचंही तसंच. जो सांगितलेल्या वेळेला येतो, त्या कारागिराचा नंबर लोक जपून ठेवतात.

९. छोटी चाचणी, आगाऊ पैशांवर

आता मशीन, गाळा, बोर्ड, कार्ड यातलं काहीही न करता दहा घरं घ्या. एक आठवड्याची सेवा ठरवा आणि पैसे आधी घ्या. थोडे का होईना, पण आधी. तोंडी होकार देणाऱ्या दहांपैकी कितीजण पैसे काढून देतात, हा आकडा तुम्हाला कुठल्याही सल्लागारापेक्षा खरं सांगेल. नातेवाइकांना या दहांत धरू नका, ते प्रेमापोटी घेतात.

आठवडा संपल्यावर पुढच्या आठवड्याचे पैसे मागा आणि कोण थांबलं ते बघा. थांबलेल्यांकडे जाऊन शांतपणे कारण विचारा. पोळी कडक होते, डबा पावणेदोनला येतो, भाजीत रोज बटाटा असतो, असं काहीतरी ऐकायला मिळेल. ते दुरुस्त करून पुन्हा एकदा चाचणी घ्या.

१०. कागदपत्रं

ही पायरी वाटते तेवढी जड नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात कामगार थोडेच असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देणं पुरतं. खाण्याचा कुठलाही पदार्थ विकणार असाल, मग तो घरून का असेना, अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या. पाकीटबंद माल असेल तर त्यावर निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. जीएसटी नोंदणी साधारणपणे वस्तूंच्या विक्रीत वर्षाला ४० लाखांची आणि सेवेत २० लाखांची उलाढाल ओलांडल्यावर लागते. काही व्यवहारांना ही सवलत नसते, म्हणून ऑनलाइन किंवा परराज्यात विकणार असाल तर आधी कर सल्लागाराला विचारा.

कर्ज लागलंच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. पण ते चाचणीनंतर घ्या. दोन महिन्यांच्या जमाखर्चाची वही, आगाऊ पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांची यादी आणि खात्यावर आलेल्या रकमा घेऊन बँकेत जा.

गाळा कधी घ्यायचा, असं मला हमखास विचारलं जातं. सलग तीन महिने जुनी गिऱ्हाईकं पैसे भरून परत येत असतील, घरच्या जागेत काम मावेनासं झालं असेल, आणि भाडं वजा करूनही तुमची स्वतःची मजुरी सुटत असेल, तेव्हा घ्या. तोपर्यंत सकाळच्या पोळ्या घरच्याच ओट्यावर होऊ द्या.